केस नसल्यास कॉलर

आमच्या खंडाच्या जलक्रीडा महासंघाचे काम वर्षभर चालते, असे मी सांगितले की अंबरनाथमधले माझे शेजारी आदराने मान हलवतात आणि क्षणभराने हळूच विचारतात, "म्हणजे सर, नक्की काय चालतं?" हा प्रश्न मी पुष्कळ वर्षे हसून टाळला. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी तोच विचारला आणि तोही लेखी. आता उत्तर देणे भाग आहे.

आमच्या वर्षाचा आरंभ दिनदर्शिकेने होतो. पोहण्याच्या शर्यती कुठे, उंचावरून सूर मारणे कुठे, पाण्यातला चेंडूचा खेळ कुठे आणि संगीताच्या तालावर पाण्यात नाचणे कुठे, हे ठरवून महासंघ ती मोठ्या समारंभाने प्रसिद्ध करतो. पुढचे काही महिने ती दुरुस्त करण्यात जातात. दुरुस्त्या संपत आल्या की वर्षही संपत आलेले असते. मधल्या वेळात समित्यांच्या बैठका, पंचांची उजळणी शिबिरे, वयोगटांच्या स्पर्धा, आणि अखेरीस सर्वसाधारण सभा. या सभेत सर्वांनी सर्वांचे आभार मानायचे असतात. राष्ट्रध्वजांचा क्रम आणि भेटवस्तूंची देवघेव यांत आमच्याकडून कधी चूक झाल्याचे मला आठवत नाही. पाण्याबद्दल इतक्या खात्रीने बोलता येणार नाही.

या साऱ्यात माझे स्थान काय? विठ्ठलवाडीजवळच्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षक. शाळेला तरणतलाव नाही. तिला मैदान आहे असे म्हणणे हादेखील मैदानाचा गौरवच ठरेल. तरुणपणी हौसेने पंचांच्या परीक्षा देत गेलो आणि उत्तीर्ण होत गेलो. माझ्याविरुद्ध कोणाचीच तक्रार नसल्यामुळे एके दिवशी खुल्या पाण्यातील जलतरणाच्या खंडीय समितीवर जाऊन बसलो. माझा आवाज मुळात खालच्या पट्टीतला. बैठकीत मी काही बोललो तर शेजारचा सदस्य वातानुकूलन यंत्राकडे पाहतो. म्हणून समितीने माझ्यासाठी एक काम शोधून काढले: अनुमोदन. कोणीतरी ठराव मांडतो, अध्यक्ष नजर फिरवतात, ती माझ्यापाशी येऊन थांबते, मी हात वर करतो. इतक्या वर्षांत मी एकही ठराव मांडला नाही, आणि माझ्या अनुमोदनावाचून क्वचितच एखादा संमत झाला. याला मी अनेक वर्षे संयम समजत होतो. हल्ली दुसरे शब्दही सुचतात.

महासंघ सदस्यांना फक्त सोनेरी जरीचा बिल्ला देतो. ब्लेझर ज्याचा त्याने शिवायचा. माझा उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या नारूमलदादांनी शिवला. हा वृद्ध सिंधी शिंपी कापडाकडे पाहून बोलतो, गिऱ्हाइकाकडे नाही. मी म्हणालो, "दादा, परदेशात घालायचा आहे. जरा बेताचा, शोभेलसा करा."

"साईं, शोभा तो धुलाई में चली जाती है," कॉलरवर दुहेरी शिलाई घालत ते म्हणाले. "ये कॉलर देखो. कपड़ा जाएगा, अस्तर जाएगा, कॉलर नहीं जाएगा. इसको पकड़ के आदमी उठा लो."

"मला कोण उचलणार?"

"वो तुम्हारा काम है. मेरा काम मैंने कर दिया."

त्या ब्लेझरमध्ये मी अनेक शहरे पाहिली; म्हणजे विमानतळ आणि हॉटेले पाहिली. न्याहारीच्या टेबलावर अननसाच्या फोडी इतक्या सारख्या आकाराच्या कशा कापतात, यावर मी अधिकाराने बोलू शकतो.

खुल्या पाण्याची शर्यत म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवे. ही तलावाच्या निळ्या पट्ट्यांत होत नाही. सरोवरात किंवा समुद्रात तरंगते रंगीत बोये बांधून वळसे ठरवतात आणि पोहणाऱ्यांचा घोळका एकदमच निघतो. तिथे आपापली पट्टी नसल्याने कोपर लागते, लाथ बसते. म्हणून आधी नखे तपासतात आणि अंगावरचे दागिने उतरवतात. मुख्य पंच नावेतून सोबत असतात. धक्काबुक्की दिसली की पिवळा झेंडा, म्हणजे ताकीद. गुन्हा गंभीर असेल तर लाल झेंडा, म्हणजे मुकाट्याने पाण्याबाहेर यायचे. वाटेत एका तराफ्यावर प्रत्येक संघाचे मार्गदर्शक लांब काठीच्या टोकाला पेला अडकवून उभे असतात. पोहणारा तो उचलतो, पाठीवर वळून पितो आणि पुढे जातो. त्या तराफ्यावर शिस्त राखणे हे माझे काम असे. मी तिथे ब्लेझर घालून उभा राहत असे आणि शिस्त आपोआप राहत असे.

असो. एका वर्षी एका स्पर्धेत कोणीतरी प्रतिस्पर्ध्याची टोपी ओढून काढली. समितीचा संताप अनावर झाला. पुढल्याच बैठकीत कलम आले: प्रतिस्पर्ध्याची टोपी काढणे अथवा केस ओढणे यास ताकीद न देता थेट लाल झेंडा. "कोणत्याही कारणाने" हे शब्द अध्यक्षांनी स्वतः घातले. अध्यक्ष हे अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांच्या देशात नद्या नाहीत, पण नियम फार सुंदर आहेत. त्यांची नजर फिरली. बाहेर जेवणाच्या भांड्यांचा आवाज येत होता. मी हात वर केला.

आता सानिकाविषयी. बदलापूर गावातल्या आगरी घरातली ही मुलगी. पाठीला सुका भोपळा बांधून उल्हास नदीत पोहायला शिकली. शिकवले तिच्या काकांनी, बाळारामांनी. पावसाळ्यात सहलीला आलेल्या पाहुण्यांपैकी कोणी नदीच्या ओढीत सापडले की लोक प्रथम बाळारामांच्या दाराशी येतात. कधी जिवंत माणूस निघतो, कधी नाही. सानिका शाळेत असल्यापासून त्यांच्या मागोमाग पाण्यात उतरत आली. मी तिला आमच्या आंतरशालेय स्पर्धेत पाहिले, खुल्या पाण्याकडे वळवले आणि पुढे ती जिंकत गेली, याचे श्रेय मी अनेक सत्कारांत नम्रपणे नाकारले आहे. म्हणजे घेतलेच आहे.

ते कलम आले त्याच वर्षी तिची खंडीय वयोगट स्पर्धेसाठी निवड झाली. तिच्या दृष्टीने व्यवहार सरळ होता. शर्यत पूर्ण केली की राष्ट्रीय शिबिरात जागा. लाल झेंडा पाहिला की वर्षभराची बंदी, आणि वय पाहता पुन्हा त्या गटात जागा नाही. निघण्याआधी तिने विचारले, "सर, तिथं तुम्ही असनार ना?"

"असेन. पण मी पंच. मला तुझी ओळखही दाखवता येणार नाही."

"मंग असून काय उपेग?" ती म्हणाली, आणि वाकून नमस्कारही केला. दोन्ही एकाच दमात.

शर्यत एका परक्या देशातल्या थंड, सुरेख सरोवरात होती. सगळे सुरळीत चालले होते. म्हणजे मी तराफ्यावर उभा होतो. शेवटच्या वळशाच्या सुमारास दूरच्या बोयाजवळ शिट्टी वाजली. हातातल्या बिनतारी यंत्रावर मुख्य पंचांचा आवाज आला: एका मुलीने दुसरीची टोपी हिसकून काढली, केस धरून तिला ओढले, लाल झेंडा दाखवला आहे, तरीही सोडत नाही. आपले कलम प्रथमच वापरले जात आहे हे ऐकून माझ्या छातीत, सांगायला लाज वाटते, अभिमानाची एक बारीक कळ उठली. मग त्यांनी क्रमांक सांगितला. क्रमांक सानिकाचा होता.

पुढचा भाग मी दुर्बिणीतून माझ्या डोळ्यांनी पाहिला. सुरक्षा-नाव तिथे गेली. तिने दुसऱ्या मुलीला नावेतल्या हातांत दिले. मुख्य पंच पुन्हा लाल झेंडा हलवीत होते. सानिकाने त्यांच्याकडे पाहून मान डोलावली, हात वर करून आभार मानावेत तसे केले, आणि ती पोहत पुढे निघून गेली. शेवटून दुसरी आली. पण पोचली, आणि अंतिम रेषेवरच्या फळीला तिने नियमाप्रमाणे हात लावला.

किनाऱ्यावर मुख्य पंचांनी दोन गुन्हे जाहीर केले: केस ओढणे आणि झेंड्याचा अवमान. हरकत घ्यायची तर संघाच्या व्यवस्थापकाने अर्ध्या तासात घ्यायची असते. आमचे व्यवस्थापक त्या वेळी शहरातल्या बाजारात होते. त्यांना दोष देणार नाही. महासंघाच्या वार्षिक कार्यात बाजारासाठी वेगळी वेळ राखून ठेवलेली नसते, त्यामुळे ती शर्यतीतूनच काढावी लागते. मी पंच असल्याने मला हरकत घेता येत नव्हती. मी फोन लावत होतो, तो वाजत होता, आणि सानिका टॉवेल गुंडाळून माझ्याकडे पाहत होती. मी ओळख दाखवत नव्हतो.

हरकत घेतली भलत्याच एका बाईंनी. नावेत घेतलेली ती मुलगी खरे तर बुडत होती; ती ज्या बेटाच्या देशाची होती, त्या संघाच्या मार्गदर्शक. त्या प्रथमोपचाराच्या तंबूतून तरातरा आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या मुलीचे केस ओढले, त्याबद्दल ओढणारीला शिक्षा होऊ नये, अशी माझी हरकत आहे." अपील समितीत गोंधळ उडाला. महासंघाच्या इतिहासात प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने कोणी हरकत घेतलेली नव्हती. ती स्वीकारता येते का, यावर इतका गहन विचार झाला की त्या वेळात आणखी एखादे माणूस आरामात बुडून गेले असते. अखेर नियमांत मनाई नसल्यामुळे, आणि केवळ त्यामुळेच, ती स्वीकारली गेली.

समिती किनाऱ्याला लागून असलेल्या लाकडी धक्क्यावरच बसली. आमच्या समितीचे अध्यक्षच तिथेही अध्यक्ष. मला मत नव्हते. दुभाषा म्हणून उभे केले. सानिकाला इंग्रजी येते. पण ती म्हणाली, "मना इंग्लिश बोलाया येतं सर, भांडाया नाय येत."

अध्यक्षांनी विचारले, "प्रतिस्पर्धी संकटात होती, तर तू हात वर करून नाव का बोलावली नाहीस?"

"बोलवेपर्यंत ती खाली गेली असती. तिचे डोले वर गेलते. ओरडत पन नव्हती. बुडनारा ओरडत नाय, त्याला सांगा."

मी सांगितले.

"मग हात का दिला नाही? केस कशाला?"

"हात?" तिने अध्यक्षांकडे दयेने पाहिले. "हात दिला का बुडनारा झाडावर चढतो तसा अंगावर चढतो. मंग दोघं खाली. काका बोलतो, तोंडासमोर जायचंच नाय. मागून जायचं, केस धरायचे, तोंड वर ठेवायचं. टोपी गुलगुलीत होती, सटकत होती, म्हनून काढली. टोपी हवी तर मी नवी देते तिला."

"तुझा हेतू तिला अडवण्याचा नव्हता?"

"अडवायला मी काय नाक्यावरचा हवालदार हाय का?"

मी भाषांतर केले, "नाही, महोदय."

"आणि लाल झेंडा? तो दिसूनही तू पुढे पोहलीस."

इथे ती प्रथमच गोंधळली. "सर, झेंड्याचा नियम ठाऊक हाय, पन तवा ध्यानात नदीच होती. आमच्या नदीवर मानूस ओढीत सापडला का काठावरची मानसं लाल फडकं दाखवतात ना? नाव आना, म्हनून. मना वाटलं, या साहेबांनी माझ्यासाठीच नाव बोलावली. मी थँक्यू पन केला त्यांना."

हे मी शब्दशः सांगितले. मुख्य पंचांनी आपल्या हातातल्या झेंड्याकडे पाहिले. त्यांच्या सेवाकाळात त्याबद्दल आभार बहुधा प्रथमच मानले गेले होते. पण अध्यक्ष न्यायी गृहस्थ. म्हणाले, "भावना समजते. तथापि केस धरल्याने मदत होते की इजा, हे समितीला कसे कळावे? कलमात 'कोणत्याही कारणाने' असे स्पष्ट आहे, आणि ते एकमताने संमत झाले आहे." आणि त्यांची नजर, सवयीने, अनुमोदनासाठी माझ्यापाशी येऊन थांबली.

माझा हात निम्मा वर गेलाही होता. इतक्या वर्षांचे वळण. त्याच हाताने मी टेबलाची कड धरली आणि म्हणालो, "महोदय, मी एक ठराव मांडतो. तिने प्रात्यक्षिक करून दाखवावे. माझ्यावर."

"काय म्हणालात?" शेजारचे सदस्य म्हणाले. मी पुन्हा म्हणालो. आवाज, मला वाटते, त्या दिवशी पुरेसा होता.

अध्यक्षांनी नजर फिरवली. "ठरावाला अनुमोदन?"

कोणीही हात वर केला नाही. अनुमोदन ही किती मोलाची गोष्ट आहे, हे मला त्या क्षणी उमगले. मी सानिकाला मराठीत सांगितले, "मी ठराव मांडला आहे की तू मला पाण्यातून काढून दाखवावेस. पण अनुमोदक मिळत नाही."

"म्हंजे पाण्यात जायला कोनीतरी हो म्हनायला लागतं?"

"तसेच काहीसे."

"मंग मी हाय ना," असे म्हणून तिने मला धक्क्यावरून ढकलले.

मला पोहता येते. गेली अनेक वर्षे मी हे वाक्य निर्धास्तपणे उच्चारत आलो होतो. ब्लेझर, बूट आणि गळ्यातली ओळखपत्राची दोरी यांच्यासह आपल्याला पोहता येत नाही, हे मला पाण्यात गेल्यावर कळले. थंडीने छाती आवळली. बाह्या शिशासारख्या झाल्या. मी ओरडणार होतो. पण बुडणारा ओरडत नाही, हे मी नुकतेच भाषांतरित केले होते, आणि ते भाषांतर अचूक होते. सोंग म्हणून जे सुरू झाले ते तोंडात दुसऱ्यांदा पाणी गेल्यावर सोंग उरले नाही. सानिकाचे डोके समोर दिसले. मी दोन्ही हात तिच्याकडे फेकले.

तिने ते फटकारून बाजूला केले आणि दिसेनाशी झाली. मागून माझ्या टकलावरून एक तळवा फिरला. एकदा, पुन्हा एकदा.

"आयला," कानामागे आवाज आला, "सर, तुमाला केसच नायत!"

तशा अवस्थेतही मला अपमान जाणवला.

"थांबा, टेन्शन नका घेऊ. केस नसला तर कॉलर!"

आणि नारूमलदादांची दुहेरी शिलाई तिच्या मुठीत आली. माझे तोंड आकाशाकडे झाले. श्वास आला. खंडाच्या महासंघाचा सोनेरी बिल्ला छातीवर मिरवीत, मागच्या मागे, मी समितीच्या दिशेने ओढला जाऊ लागलो. वर ढग दिसत होते आणि धक्क्यावरून वाकलेले सदस्य दिसत होते. त्या बेटाच्या देशाच्या बाई टाळ्या वाजवत होत्या. कॉलर कुठेही उसवली नाही.

मला वर घेतल्यावर अध्यक्षांनी गंभीरपणे विचारले, "आपल्याला अडथळा झाल्यासारखे वाटले का?"

मी आधी तोंडातले पाणी थुंकले. मी नकारार्थी मान हलवली, तीही सानिकानेच धरून ठेवलेली होती. मुख्य पंच स्वतः पुढे आले आणि त्यांनी लाल झेंडा मागे घेतला. सानिकाची शर्यत पूर्ण झाल्याची नोंद झाली. शेवटून दुसरी, पण पूर्ण. व्यवस्थापक बाजारातून परत आले तेव्हा त्यांनी हे प्रकरण आपण कसे लढवले, हे पत्रकारांना सविस्तर सांगितले. ती बुडता बुडता वाचलेली मुलगी संध्याकाळी सानिकाला भेटायला आली. दोघींना समान भाषा नव्हती. सानिकाने तिच्या केसांकडे बोट दाखवून "दुखतं?" एवढे विचारले, आणि त्या दोघी इतक्या हसल्या की मी दुभाषेपणाचा विचार सोडून दिला.

ब्लेझर आकसला. कॅम्प एकमध्ये नेला तेव्हा नारूमलदादांनी बाह्या ओढून पाहिल्या, अस्तर हुंगले. "साईं, पानी में गए थे? नहाने का कपड़ा अलग आता है." मग कॉलरवरून अंगठा फिरवला. "बोला था ना?"

तोच आखूड ब्लेझर घालून मी वर्षअखेरच्या बैठकीला गेलो आणि आयुष्यातला दुसरा ठराव मांडला: बुडणाऱ्या स्पर्धकास वाचवण्यासाठी केलेला स्पर्श, टोपी काढणे व केस धरणे यांसह, गुन्हा मानू नये, केस नसल्यास जे हाती लागेल ते धरावे. "कोणत्याही कारणाने" हे शब्द वगळावेत. दीर्घ चर्चा झाली. एका सदस्याने टकलू स्पर्धकांवर अन्याय होईल का, असे विचारले. दुसऱ्याने, बुडण्याची व्याख्या आधी ठरवावी, असे सुचवले. अनुमोदन मिळाले, मुख्य पंचांचे. त्यानंतर ठराव उपसमितीकडे गेला. तिची बैठक पुढील वर्षाच्या दिनदर्शिकेत आहे. दिनदर्शिका दुरुस्त होत आहे. उपसमितीचा निमंत्रक मीच आहे, तेव्हा यापुढे हसायचे झाले तर मला स्वतःलाच हसावे लागेल. वार्षिक अहवालात "जलसुरक्षा" या शीर्षकाखाली "समाधानकारक" असे लिहिले आहे.

परवा बदलापूर गावात नदीकाठी गेलो होतो. सानिका शिबिराला निघण्याआधी गावातल्या मुलांना पाण्यात उतरवत होती. पाठीला भोपळे, हातात दोर. बाळाराम काठावर बसून सगळे पाहत होते. मी तिला ठरावाचे काय झाले ते व्यवस्थित, क्रमाने समजावून सांगितले: उपसमिती, व्याख्या, पुढचे वर्ष.

तिने एका पोराच्या भोपळ्याची गाठ आवळली आणि सगळे ऐकून घेतले.

"ठीक हाय सर," ती म्हणाली. "मंग तवर कोनी बुडू नका, असं पत्रक तरी काढा."